बर्ट मन्रो

हर्बर्ट जेम्स मन्रो ऊर्फ बर्ट मन्रो (२५ मार्च, इ.स. १८९९ – ६ जानेवारी, इ.स. १९७८) हे न्यू झीलंडमधील मोटारसायकल शर्यतपटू होते. इ.स. १९२० साली विकत घेतलेली 'इंडियन स्काउट' ही मोटारसायकल त्यांनी सुमारे पाच दशके स्वतःच्या हातांनी पुन्हा पुन्हा घडवली. मूळ ताशी सुमारे ८८ कि.मी. वेगाचे हे वाहन त्यांनी इ.स. १९६७ साली अमेरिकेतील बोनव्हिल येथील मिठाच्या मैदानावर ताशी २९६ कि.मी.हून अधिक सरासरी वेगाने चालवून विक्रम केला. त्या वेळी मन्रो ६८ वर्षांचे आणि त्यांचे वाहन ४७ वर्षांचे होते. १,००० घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनांच्या ज्या वर्गात हा विक्रम नोंदला गेला, त्या वर्गात तो आजही मोडलेला नाही.

सुरुवातीचे जीवन

मन्रो यांचा जन्म न्यू झीलंडच्या दक्षिण बेटावरील इन्व्हरकार्गिल या शहरात झाला. त्यांच्यासोबत जन्मलेली जुळी बहीण जन्मतःच दगावली. त्यांचे बालपण शहराच्या पूर्वेस असलेल्या ईडनडेल येथील शेतावर गेले. वेगाची ओढ लहानपणापासूनच होती. घरातील सर्वांत वेगवान घोडा ते वडिलांच्या तक्रारींना न जुमानता शेतात पिटाळत. शेतावरच्या एकसुरी आयुष्यात आगगाडीने इन्व्हरकार्गिलच्या बंदरापर्यंत जाणे हा मोठा सोहळा असे. मोटारी, मोटारसायकली आणि विमाने त्या भागात दिसू लागल्यावर शेती करण्यातला त्यांचा उरलासुरला रस संपला.

पहिल्या महायुद्धात जाण्याची त्यांची इच्छा होती, परंतु युद्ध संपेपर्यंत ते शेतावरच राहिले. वडिलांनी शेत विकल्यानंतर त्यांनी काही काळ ओटिरा येथील रेल्वे बोगद्याच्या बांधकामावर मजुरी केली व पुढे वडिलांनी घेतलेल्या नव्या शेतावर ते परतले. त्यांची पहिली मोटारसायकल डग्लस कंपनीची होती. इ.स. १९१९ मध्ये त्यांनी क्लायनो कंपनीची जोडगाडी असलेली मोटारसायकल घेतली, तिची जोडगाडी काढून टाकली आणि इन्व्हरकार्गिलजवळच्या फोर्टरोज येथील मार्गावर तिच्यावरून काही वेगविक्रम केले. गाडी जशी मिळाली तशी न ठेवण्याची त्यांची सवय इतकी जुनी होती.

इंडियन स्काउट

'इंडियन' या नावाचा भारताशी संबंध नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे इ.स. १९०१ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने अमेरिकेच्या आदिवासींवरून आपल्या गाड्यांना हे नाव दिले होते. कंपनीचे आयरिश अभियंते चार्ल्स फ्रँकलिन यांनी आखलेले 'स्काउट' हे प्रारूप इ.स. १९२० मध्ये बाजारात आले. इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी मांडणी असलेले दोन सिलिंडर, सुमारे ६०० घन सेंटिमीटरचे इंजिन आणि तीन गिअर अशी तिची रचना होती. मजबूत व भरवशाची गाडी म्हणून तिचा लौकिक झाला. शर्यतीची गाडी म्हणून ती बनवलेली नव्हती. मन्रो यांनी त्याच वर्षी ती नवी कोरी विकत घेतली.

सुमारे सहा वर्षे ती वापरल्यानंतर, इ.स. १९२६ पासून, त्यांनी तिच्यात फेरबदल सुरू केले. ते काम त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षांपर्यंत थांबले नाही. या गाडीला पुढे 'मन्रो स्पेशल' असे नाव मिळाले. त्यांच्याकडे इ.स. १९३६ ची 'व्हेलोसेट एमएसएस' ही ब्रिटिश मोटारसायकलही होती व तिच्या इंजिनातही त्यांनी मोठे बदल केले; परंतु त्यांचे नाव जोडले गेले ते स्काउटशीच.

शेडमधील कारागिरी

मन्रो यांची आर्थिक स्थिती बेताची होती. शर्यतीसाठी लागणारे भाग कारखान्यातून करवून घेणे किंवा परदेशातून मागवणे त्यांना परवडणारे नव्हते, शिवाय जुन्या स्काउटला बसतील असे वेगवान भाग बाजारात मिळतही नव्हते. त्यामुळे भाग आणि अनेकदा ते भाग बनवण्याची हत्यारेही त्यांनी घरीच केली. ॲल्युमिनियम वितळवून ते जुन्या डब्यांच्या साच्यांत पिस्टन ओतत आणि मग ते कातून, घासून मापात आणत. सिलिंडर, फ्लायव्हील, कॅम हे सर्व त्यांनी स्वतः तयार केले. पिस्टनची ताकद क्रँककडे पोहोचवणारे कनेक्टिंग रॉड त्यांनी ट्रॅक्टरच्या जुन्या आसाच्या पोलादातून करवत आणि कानस यांच्या साहाय्याने कोरून काढले. अचूक मापासाठी मायक्रोमीटरऐवजी ते चाकाच्या स्पोकचा तुकडा वापरत. आजच्या यांत्रिकी कार्यशाळेत हे अविश्वसनीय वाटेल, पण बोट आणि डोळा यांना वर्षानुवर्षे सराव झालेल्या कारागिराला त्यातून पुरेशी अचूकता मिळत असे.

अर्थात, ती दर वेळी मिळत नसे. इंजिन फुटणे, पिस्टन वितळणे, रॉड तुटून सिलिंडरबाहेर येणे हे त्यांच्या कामात नित्याचे होते. तुटलेले भाग त्यांनी फेकले नाहीत. शेडमधील एका फळीवर ते मांडून ठेवलेले असत आणि वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य अशा अर्थाची पाटी त्यांनी तेथे लावली होती. या फळीकडे केवळ विनोद म्हणून पाहिले जाते, पण तिचा उपयोगही होता. कोणता भाग कोठे आणि कसा तुटला हे पाहूनच पुढचा भाग जाड करायचा की हलका, हे ठरत असे. आखणीची गणिते व चाचणीची यंत्रे नसलेल्या माणसासाठी मोडके भाग हीच प्रयोगवही होती.

बदलांपैकी सर्वांत मूलभूत बदल झडपांचा होता. मूळ स्काउटच्या झडपा सिलिंडरच्या बाजूला होत्या. ही रचना साधी व टिकाऊ असली तरी हवा आणि इंधनाच्या मिश्रणाला वळणावळणाने आत शिरावे लागते, त्यामुळे मोठ्या वेगात इंजिन गुदमरते. मन्रो यांनी सिलिंडरची डोकी नव्याने बनवून झडपा पिस्टनच्या वर आणल्या. मूळ दोन कॅमच्या जागी त्यांनी चार कॅम बसवले. इंजिनाची क्षमता टप्प्याटप्प्याने वाढवत अखेरीस ९५० घन सेंटिमीटरपर्यंत नेली. इंजिनाकडून गिअरपेटीकडे शक्ती नेणारी मूळची दातेरी चाकांची व्यवस्था काढून तेथे तिहेरी साखळी घातली.

केवळ इंजिन बलवान करून भागणारे नव्हते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याच्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८८ वरून २९६ कि.मी. म्हणजे वेग साडेतीन पटींच्याही आतच वाढला, परंतु गाडीचा आकार तोच ठेवला असता तर एकट्या हवेसाठी सुमारे ३८ पट शक्ती लागली असती. म्हणून मन्रो यांनी गाडीभोवती माशासारखे निमुळते, लांबट कवच बांधले. चालक त्यात जवळजवळ पालथा पडून गाडी चालवत असे. या कवचाने वेग दिला, पण स्थैर्य हिरावून घेतले. अतिवेगात गाडी डावी-उजवीकडे हेलकावे खाऊ लागे, आणि हा दोष पूर्णपणे कधीच नाहीसा झाला नाही.

जुनी वाहने जतन करणाऱ्यांमध्ये मूळ भाग, मूळ रंग आणि मूळ घडण यांना मोठे मोल असते. या निकषावर मन्रो यांची स्काउट बसत नाही, तिच्यात इ.स. १९२० चे फारसे काही उरले नव्हते. तथापि जुनी गाडी मोडीत न काढता तिच्यावरच काम करत राहण्याच्या छंदाचे याहून दीर्घ उदाहरण सापडणे कठीण आहे. नवे व वेगवान यंत्र घेण्याचा सोपा मार्ग स्वीकारला असता तर कदाचित वेग लवकर मिळाला असता. मन्रो यांनी तो स्वीकारला नाही. त्यामागे पैशाची अडचण होती, आणि ती दूर होण्याची वाट पाहण्याइतका धीर त्यांच्यात नव्हता, हेही खरे.

न्यू झीलंड व ऑस्ट्रेलियातील शर्यती

मन्रो काही काळ व्यावसायिक शर्यतपटू होते. महामंदीच्या सुरुवातीला त्यांना पुन्हा शेतावर यावे लागले. त्यानंतर त्यांनी मोटारसायकल विक्रीच्या दुकानात विक्रेता व यंत्रदुरुस्त म्हणून नोकरी धरली. दिवसा दुकान आणि रात्री स्वतःच्या गाड्या, असा त्यांचा क्रम असे. अनेकदा रात्रभर काम करून ते सकाळी तसेच नोकरीवर जात.

इन्व्हरकार्गिलजवळचा ओरेटी समुद्रकिनारा हे त्यांचे चाचणीचे मैदान होते. ओहोटीनंतर तेथील ओली वाळू घट्ट बसते व मैलोन्‌मैल सरळ, सपाट पट्टा मोकळा होतो. याच किनाऱ्यावर शर्यतीही भरत. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथेही ते शर्यतींसाठी गेले. इ.स. १९३८ मध्ये त्यांनी न्यू झीलंडचा पहिला वेगविक्रम नोंदवला आणि त्यानंतर देशातील आणखी सात विक्रम केले.

या काळात त्यांना अनेक गंभीर अपघात झाले. इ.स. १९३७ मध्ये समुद्रकिनाऱ्यावरील शर्यतीत दुसऱ्या स्पर्धकाशी टक्कर होऊन त्यांचे दात पडले. हाडे मोडणे, कातडी सोलवटणे आणि इस्पितळात पडून राहणे याची त्यांना सवय झाली होती. बरे झाल्यावर ते पुन्हा त्याच शेडमध्ये जात.

कौटुंबिक जीवन

मन्रो यांना एक मुलगा आणि तीन मुली होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर पती-पत्नी विभक्त झाले. त्यानंतर मन्रो यांनी नोकरी सोडली आणि ते कुलूपबंद गॅरेजवजा शेडमध्ये राहू लागले. एका कोपऱ्यात पलंग आणि उरलेल्या जागेत गाड्या, लेथ व ओतकामाचे सामान अशी ती जागा होती. त्यांच्या विक्रमांची कथा सांगताना या भागावरून सहसा घाईने पुढे जाण्यात येते. चार मुलांचा संसार चालू असताना रात्री आणि पैसा दोन्ही शेडमध्ये जात होते, हे मात्र त्या विक्रमांच्या हिशोबातून वगळता येत नाही.

बोनव्हिल

अमेरिकेच्या युटा राज्यातील बोनव्हिल हे प्राचीन सरोवर आटून तयार झालेले मिठाचे मैदान आहे. उन्हाळ्यात त्यावरचे पाणी सुकले की मिठाचा कठीण, पांढरा थर उरतो आणि दृष्टी पोहोचेल तिथपर्यंत एकही अडथळा नसतो. इ.स. १९४९ पासून तेथे दर वर्षी 'स्पीड वीक' हा वेगविक्रमांचा सप्ताह भरू लागला. त्याच्या आदल्या वर्षी रोली फ्री यांनी केवळ पोहण्याची चड्डी घालून व्हिन्सेंट मोटारसायकलवर पालथे पडून ताशी १५० मैलांचा टप्पा ओलांडला होता. त्या छायाचित्रामुळे बोनव्हिलचे नाव जगभरच्या मोटारसायकलप्रेमींना ठाऊक झाले.

इ.स. १९५० च्या दशकाच्या अखेरीस मन्रो यांना हृदयविकाराचा त्रास सुरू झाला. ओरेटीचा किनारा त्यांच्या गाडीला आता अपुरा पडत होता, कारण गाडी पूर्ण वेग पकडेपर्यंत किनारा संपे. पहिल्या फेरीत ते बोनव्हिलला केवळ पाहुणे म्हणून जाऊन आले. त्यानंतर ते नऊ वेळा तेथे गाडी घेऊन उतरले. रोली फ्री आणि मार्टी डिकरसन यांच्यासारख्या अनुभवी अमेरिकन चालकांशी त्यांची मैत्री जमली. न्यू झीलंडहून खोक्यात बांधलेली गाडी मालवाहू जहाजाने नेणे, अमेरिकेत स्वस्तात मिळालेल्या जुन्या मोटारीमागे ती ओढत युटापर्यंत आणणे आणि सप्ताह संपल्यावर उलट प्रवास करणे, हे सर्व ते मर्यादित पैशांत करत.

विक्रमाची पद्धत अशी की, आखलेल्या अंतरावर गाडी परस्परविरुद्ध दिशांनी दोनदा पळवावी लागते व दोन्ही वेगांची सरासरी ग्राह्य धरली जाते. त्यामुळे वाऱ्याचा फायदा एका दिशेने झाला तरी दुसऱ्या दिशेने तो वळता होतो. मन्रो यांच्यासारख्यासाठी याचा अर्थ असा, की घरी ओतलेले पिस्टन एकदा नव्हे, दोनदा तग धरले पाहिजेत.

इ.स. १९६२ मध्ये वयाच्या ६३ व्या वर्षी त्यांनी ८८३ घन सेंटिमीटर वर्गात ताशी २८८ कि.मी. (१७८.९७ मैल) सरासरीचा विक्रम केला. त्या वेळी इंजिनाची क्षमता ८५० घन सेंटिमीटर होती. इ.स. १९६६ मध्ये १,००० घन सेंटिमीटर वर्गात ताशी २७०.४८ कि.मी.चा विक्रम त्यांच्या नावावर लागला. वर्ग निराळा असल्याने आधीपेक्षा कमी वेग असूनही तो विक्रम ठरला.

इ.स. १९६७ चा सप्ताह सर्वांत महत्त्वाचा ठरला. विक्रमासाठी पात्र ठरण्याच्या एका फेरीत त्यांनी एकाच दिशेने ताशी ३०५.८९ कि.मी. (१९०.०७ मैल) वेग गाठला. इंडियन मोटारसायकलवर अधिकृतरीत्या मोजला गेलेला तोपर्यंतचा हा सर्वाधिक वेग होता. २६ ऑगस्ट रोजी त्यांनी १,००० घन सेंटिमीटर वर्गाचा विक्रम केला.

त्याच वर्षीच्या एका धावेत कवचाचा जुना दोष जिवावर बेतला होता. निम्म्याहून अधिक अंतर कापल्यावर गाडी हेलकावू लागली. वेग कमी करण्यासाठी मन्रो यांनी कवचातून अंग वर उचलले. छातीवर हवा घेऊन गाडीला आवर घालण्याचा तोच एक उपाय होता. वाऱ्याने डोळ्यांवरचा चष्मा उडवून नेला व त्यांना काही दिसेनासे झाले. गाडी मार्ग दाखवणाऱ्या काळ्या रेषेपासून दूर भरकटली आणि जमिनीत रोवलेली एक पोलादी खूण काही इंचांनी चुकली. शेवटी त्यांनी गाडी मिठावर आडवी घातली. किरकोळ खरचटण्यावर निभावले. याही प्रसंगानंतर ते पुढील काही वर्षे बोनव्हिलला जात राहिले.

अखेरची वर्षे

प्रकृती ढासळत गेल्याने इ.स. १९७५ मध्ये त्यांचा शर्यतीचा परवाना गेला. इ.स. १९७७ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराच्या हालचालींवर मर्यादा आल्या. आपल्या दोन्ही मोटारसायकली साउथलँड भागातच राहाव्यात अशी त्यांची इच्छा होती. त्यानुसार त्यांनी त्या इन्व्हरकार्गिलमधील हेझ या लोखंडी सामानाच्या दुकानदारास विकल्या. ६ जानेवारी, इ.स. १९७८ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन इन्व्हरकार्गिलच्या ईस्टर्न दफनभूमीत आईवडील व भावाजवळ करण्यात आले.

विक्रमाची दुरुस्ती

इ.स. १९६७ चा विक्रम अनेक दशके ताशी १८३.५८६ मैल (२९५.४५ कि.मी.) असा नोंदलेला होता. मन्रो यांचे पुत्र जॉन यांना जुन्या नोंदी पाहताना त्यात बेरजेची चूक आढळली. दोन धावांचे वेग अनुक्रमे ताशी १८४.७१० आणि १८३.४६३ मैल होते. या दोन आकड्यांची सरासरी १८४.०८७ मैल, म्हणजे २९६.२६ कि.मी. येते. अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशनने इ.स. २०१४ मध्ये ही दुरुस्ती मान्य केली. फरक ताशी एक किलोमीटरपेक्षाही कमी होता. परंतु मिळालेला प्रत्येक मैल कानशीने मिळवलेल्या माणसाच्या बाबतीत ही दुरुस्ती क्षुल्लक म्हणता येत नाही. ती झाली तेव्हा मन्रो यांच्या निधनाला ३६ वर्षे लोटली होती.

स्मृती व प्रभाव

दिग्दर्शक रॉजर डोनाल्डसन यांनी मन्रो हयात असतानाच, इ.स. १९७१ मध्ये, त्यांच्यावर माहितीपट तयार केला होता. त्याच दिग्दर्शकाचा 'द वर्ल्ड्‌स फास्टेस्ट इंडियन' हा कथापट इ.स. २००५ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात मन्रो यांची भूमिका अँथनी हॉपकिन्स यांनी केली आहे. न्यू झीलंडबाहेर मन्रो यांचे नाव पसरले ते मुख्यतः या चित्रपटामुळे. मात्र चित्रपटात अनेक वर्षांच्या फेऱ्या एकाच प्रवासात गुंफलेल्या आहेत, त्यामुळे विक्रम पहिल्याच खेपेत हाती लागल्यासारखा भास होतो. चित्रपटातील वेगाचे आकडे अधिकृत नोंदींशी जुळवून पाहू नयेत.

इ.स. २००६ मध्ये अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशनच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांचा समावेश झाला. त्याच वर्षापासून इन्व्हरकार्गिल येथे 'बर्ट मन्रो चॅलेंज' हा मोटारसायकल महोत्सव भरू लागला. त्यातील काही शर्यती ओरेटी किनाऱ्यावरच होतात. इ.स. १९६७ च्या विक्रमाला ५० वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त ऑगस्ट २०१७ मध्ये मन्रो यांचे नातेवाईक ली मन्रो यांनी बोनव्हिल येथे आधुनिक इंडियन स्काउटवर धाव केली.

मन्रो स्पेशल इन्व्हरकार्गिलमधील हेझ यांच्या दुकानात ठेवलेली आहे. खिळे, रंग, नळ आणि बागकामाची हत्यारे विकत घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना ती तेथे पाहता येते.